भय्याजींनी पाण्यात सोडलेला भोंगा

भय्याजी ठोसऱ्यांनी कुणाच्या कानात काही सांगितलं, की ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला भजी तळणाऱ्या बाईलाही कळायचं. यात त्यांचा दोष नव्हता. त्यांचा सगळा जन्म भोंग्यांच्या सहवासात गेला होता. नागपूरच्या महाल भागात त्यांचं लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच्या खोलीत मी भाडेकरू होतो. शाळेत मुलांना इतिहास शिकवून मी घरी यायचो, तेव्हा खालून हमखास हाक यायची, "काहून जी मास्तर, आज लवकर सुटले?" आणि सगळ्या गल्लीला माझी सुटण्याची वेळ समजायची.

दुकानाला पाटी नव्हती. दारावर एक मोठा ॲल्युमिनियमचा भोंगा उलटा टांगला होता, तीच पाटी. भय्याजी उंचीनं बेताचे, रुंदीनं ऐसपैस. डाव्या मनगटात काळ्या इन्सुलेशन टेपचं भेंडोळं बांगडीसारखं घातलेलं. बुशशर्टाच्या खिशात टेस्टर. चालताना किंचित मागे झुकून चालायचे, जणू पुढून पब्लिकचा रेटा येतोय.

मांडवात माइक तपासताना बाकीचे लोक हॅलो हॅलो करून थांबतात. भय्याजींना ते मिळमिळीत वाटे. ते म्हणत, खरं काहीतरी बोलल्याशिवाय आवाजाचा खरा पोत कळत नाही. म्हणून ते माइकवर घरचं जेवण सांगायचे. "हॅलो. आज घरी वांग्याची भाजी होती. मीठ कमी होतं. हॅलो." महालातल्या प्रत्येक लग्नाच्या, गणपतीच्या आणि सभेच्या आधी आम्हाला कमलवहिनींचा स्वयंपाक तोंडपाठ व्हायचा. एकदा वहिनी काही न बोलता मांडवात आल्या, भय्याजींच्या हातातून माइक घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "हॅलो. मीठ डब्यात होतं. हात सगळ्याइले असतात. हॅलो." भय्याजींनी भोंग्याकडे कान लावून ऐकलं आणि मान डोलावली. "क्लिअर आहे," म्हणाले.

त्यांच्या धंद्याचा एकच कायदा होता. भोंग्याचं तोंड पब्लिककडे. एका सभेत पुढाऱ्यानं तक्रार केली की मला माझाच आवाज ऐकू येत नाही, एक भोंगा माझ्याकडे वळवा. भय्याजी स्टेजच्या कडेवर उभे राहून म्हणाले, "तुमी तं बोलूनच राहिले जी. तुमाले माहीतच आहे काय बोलले ते. माहीत नाही ते त्याइले." भोंगा वळला नाही. पुढारी निवडून आला की पडला ते मी विसरलो, पण पब्लिक त्या दिवशी पुढाऱ्याच्या विनोदांपेक्षा भय्याजींच्या बोलण्यावर जास्त हसलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी जपली होती. माइकवर बोललेला शब्द ते देवाच्या शपथेहून वरचा मानत. त्यांचं म्हणणं, तोंडानं बोललं तर एकानं ऐकलं, भोंग्यातून बोललं तर चार गल्ल्या साक्षीदार. आमच्याच गल्लीतल्या एका लग्नात मुलीच्या मामानं ऐन आहेराच्या वेळी माइक मागून घेतला आणि भाचीला शिलाई मशीन जाहीर केलं. लग्न पार पडलं, मशीन आलं नाही. आठवड्याभरानं मामाच्या घरासमोर सायकलरिक्षा थांबली. रिक्षात भय्याजी, बॅटरी, भोंगा. भोंग्याचं तोंड मामाच्या खिडकीकडे. "हॅलो. आज घरी मेथीची भाजी होती. शिलाई मशीनचं काय झालं जी? हॅलो." मशीन संध्याकाळच्या आत भाचीच्या घरी पोचलं.

तर अशा माणसानं एका लग्नात स्वतःच माइकवर एक शब्द देऊन टाकला, त्याची ही गोष्ट.

उमरेडच्या पुढे मोहगाव म्हणून गाव आहे. गावाला लागून मोठा तलाव. पाटबंधाऱ्यासाठी अडवलेलं पाणी, त्यात ढिवरांची वस्ती डोंग्यांतून, म्हणजे लहान होड्यांतून, मासेमारी करायची. तिथल्या मच्छीमार सोसायटीची अध्यक्षा सुकाबाई. उंच, काटक बाई, आवाज हळू, पण ती बोलायला लागली की बाकीचे आपोआप गप्प होत. तिच्या भाचीच्या लग्नाला भय्याजींचे भोंगे गेले आणि रविवार होता म्हणून मीही एस.टी.नं भोंग्यांसोबत गेलो.

जेवणं आटोपल्यावर सुकाबाई आमच्याजवळ येऊन बसली. भय्याजींनी विचारलं, "काहून वं बाई, घरी लग्न अन् तोंड असं?"

ती म्हणाली, "लग्नाचं काही नाही भय्याजी. तलाव जाऊन राहिला."

तलावाचा ठेका दरवर्षी सोसायटीलाच मिळायचा. यंदा मत्स्य खात्याचे साहेब सांगून गेले होते, की तुम्ही नुसते काठाकाठानं मासे धरता, मधला खोल भाग तसाच पडून राहतो. एक कंत्राटदार सगळा तलाव घ्यायला तयार आहे. होळीनंतर मी येतो, माझ्यासमोर खोल पाण्यात जाळं टाकून, भरून, धड बाहेर काढून दाखवा. नाही जमलं तर तलाव त्याचा.

"मंग टाका न जाळं," भय्याजी म्हणाले.

"खाली झाडं हायेत," सुकाबाई म्हणाली. "पाणी भरलं तवा आमराई, पळसाचं जंगल, सगळं उभंच होतं. पाणी आधी आलं, कुऱ्हाड मागंच राहिली. जाळं टाकलं का ते फांद्याइत अटकते अन् फाटते. सोसायटीजवळ आता नायलॉनचं एकच नवं जाळं उरलं. ते फाटलं का ठेका गेला, अन् ठेका गेला का आमी आमच्याच तलावावर त्या कंत्राटदाराचे मजूर."

भय्याजी गप्प बसले. त्यांना गप्प बसलेलं पाहायची सवय नसल्यानं मी घाबरलो. मग ते उठले, माइकपाशी गेले, त्यावर बोटानं टक टक केलं आणि सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, "हॅलो. पाण्याच्या खाली काय आहे ते सांगणारी मशीन असते. आवाजावर चालते. अन् आवाज आपला धंदा आहे. होळीच्या आत ती मशीन मोहगावच्या डोंग्यावर बसवून देईन. हॅलो."

वरपक्ष टाळ्या वाजवू लागला. त्यांना वाटलं हा आहेरच आहे.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "भय्याजी, अशी मशीन तुम्ही पाहिली आहे का?"

"रेडिओच्या एका मासिकात फोटो पाहिला होता."

"कधी?"

"मास्तर, आता मागं पाहून काही फायदा आहे का? चार गल्ल्या नाही, अख्खा तालुका साक्षीदार आहे."

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघं मुंबईत, भाऊच्या धक्क्याजवळच्या एका अंधाऱ्या दुकानात उभे होतो. मोडीत निघालेल्या बोटींचं सामान विकणारं दुकान. होकायंत्रं, दिवे, नांगर, पितळी घंटा, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध बनियनवर बसलेले सेठ. मला सोबत घेण्याचं कारण एवढंच, की यंत्राबरोबर इंग्रजीतलं माहितीपत्रक असणार आणि ते कुणीतरी वाचायला हवं.

सेठनी आधी एक कपाटाएवढं धूड दाखवलं. त्यातून कागदाची गुंडाळी सरकायची आणि एक सुई तिच्यावर समुद्राच्या तळाचं चित्र काढायची. "ये लो. ट्रॉलर का माल है. कागज पे पूरा समुंदर दिखता है."

भय्याजींनी त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. "सेठ, हे डोंग्यात ठेवलं तं डोंगा खाली जाईन. मंग समुंदर कागजपर कायको देखना, वहीं बैठके देखेंगे."

दुसरं यंत्र नुसते खोलीचे आकडे सांगायचं. भय्याजींनी ते हातातही घेतलं नाही. खोली सुकाबाईला दोरीला दगड बांधून कळतच होती.

तिसरं मात्र त्यांनी स्वतः उचललं. सायकलच्या पुढच्या दिव्याहून थोडं मोठं, गोल तबकडीचं. तबकडीच्या काठावर आकडे आणि आत एक लाल दिवा गरगर फिरणारा. ज्या खोलीवरून आवाज परत येईल त्या आकड्यापाशी तो दिवा लुकलुकायचा. पाण्याचा वरचा थर शून्यापाशी, तळ खाली कुठंतरी जाड रेघेनं, आणि दोन्हींच्या मध्ये काही चमकलं तर तिथं काहीतरी आहे असं समजायचं. लांब वायरच्या टोकाला मुठीएवढा काळा गोळा. तोच पाण्यात आवाज सोडतो आणि तोच परत आलेला ऐकतो.

हे समजल्यावर भय्याजींचा चेहरा उजळला. "पाहा मास्तर. आपल्याकडे माइक वेगळा, भोंगा वेगळा. इथं जो बोलून राहिला तोच ऐकून राहिला. लाडू कामाचा आहे." त्या गोळ्याचं नाव तिथल्या तिथं लाडू पडलं.

सेठ म्हणाले, "उसका आवाज पतला है. बड़े का चौड़ा जाता है."

"चौडा मेले में चाहिए, सेठ," भय्याजी म्हणाले. "छोट्या हॉलमध्ये रुंद भोंगा लावला का भिंतीवर भिंतीचाच आवाज येतो, काही कळत नाही. आमाले झाडाझाडाच्या मधून पाहाचं आहे. पतलाच पायजे."

मग त्यांनी बॅटरी जोडायला लावली आणि लाडू कानाला लावला. मी पाहतच राहिलो. दुकानात ट्रकचे हॉर्न, हमालांचा आरडाओरडा, आणि हे डोळे मिटून उभे. "टिक टिक करते," ते पुटपुटले. मग त्या कपाटाएवढ्या यंत्राचा लाडूही कानाला लावून पाहिला. "हा मेला आहे. आत फुटला असन. घरघरते." सेठनी तो हातात घेऊन फिरवला, तर खरोखरच मागून तडा गेलेला होता. त्यानंतर सेठ आम्हाला चहा पाजूनच थांबले.

पैसे कुणी दिले हे मी विचारलं नाही. त्या हंगामात भय्याजींच्या दुकानातला नवा ॲम्प्लिफायर दिसेनासा झाला, एवढं मात्र सगळ्या गल्लीनं पाहिलं.

आता लाडू डोंग्याला बसवायचा. सुकाबाईचा डोंगा सागवानी फळ्यांचा, रुंद, बिनशिडाचा, मागून वल्ह्यानं चालणारा. भय्याजींनी डोंग्याच्या तळाकडे बोट दाखवून सांगितलं, "इथं एक भोक पाडू, लाडू बसवू, डांबर लावून टाकू."

सुकाबाई म्हणाली, "भोक? माया डोंग्याले? आधी तुमच्या डोक्याले पाडा. त्यातून काही दिसलं तं मंग डोंग्याचं पाहू."

भोकाचा विषय तिथंच संपला. मग त्यांनी लाडू आतल्या बाजूनं फळीला मेणानं चिकटवून पाहिला. तबकडीवर शून्यापाशी एक रेघ, पुढे काळोख. लाकडानं सगळा आवाज पिऊन टाकला. तेव्हा भय्याजींनी आपल्या धंद्याकडे धाव घेतली. खांबाला भोंगा आवळतात तो लोखंडी पट्टा काढला, डोंग्याच्या कडेला एक जाड बांबू उभा आवळला आणि बांबूच्या बुडाला, पाण्याखाली हातभर, लाडू बांधला. आधी मागच्या बाजूला बांधला होता, तिथं वल्ह्याच्या बुडबुड्यांनी सगळी तबकडी लालेलाल झाली. मग पुढे सरकवला. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं झालं.

माहितीपत्रक माझ्या हातात होतं. मी वाचलं, "लाडू बरोबर खाली, सरळ तळाकडे तोंड करून बसवावा."

भय्याजींनी लाडूचं तोंड पुढे वळवलं. चांगलं तिरपं, समोरच्या पाण्याकडे.

"खाली लिहिलंय," मी म्हणालो.

"ते अमेरिकेच्या तळ्यासाठी असन. आपण पुढं जाऊन राहिलो, तं तोंड पुढं. ज्याच्याकडे जाचं त्याच्याकडे तोंड."

सुकाबाईनं वल्हं थांबवून विचारलं, "पण भय्याजी, पाण्याची जमीन तं खाली असते न?"

"बाई, मांडवात पब्लिक पायाखाली बसते का? समोरच बसते."

कायदा तो कायदा. दिवसभर आम्ही तलावावर फिरलो. तबकडीवर शून्यापाशी लाल ठिपका आणि बाकी काही नाही. ना तळ, ना झाड, ना मासा. दुसऱ्या रविवारीही तेच. काठावर वस्तीतले लोक जमायचे, पाहायचे आणि परत जायचे. नवं जाळं झोपडीत घडी करून ठेवलेलं होतं आणि होळीला थोडेच आठवडे उरले होते. भय्याजींनी बॅटरी बदलली, वायर बदलली, तबकडी उघडून पुन्हा बंद केली. लाडूचं तोंड मात्र जिथल्या तिथं.

त्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी डोंगा सांडव्याच्या उभ्या दगडी भिंतीजवळून चालला होता. भय्याजी वैतागून उठून उभे राहिले. वैताग आला की त्यांना माइक तपासल्याशिवाय चैन पडत नसे. माइक नसला तरी चाले. त्यांनी भिंतीकडे तोंड करून हाक दिली, "हॅलो. आज शिदोरीले चटणी होती. हॅलो." भिंत ठणठणीत म्हणाली, "...हॅलो." ते खूष झाले. पुन्हा ओरडले, पुन्हा उत्तर. इतक्यात सुकाबाईनं डोंगा वळवला. भय्याजी आता भिंतीकडे तिरपे उभे होते. त्यांनी हाक दिली. भिंत गप्प. पुन्हा दिली. गप्प.

"सुकाबाई, डोंगा परत सरळ कर वं."

तिनं केला. हाक दिली, उत्तर आलं. "आता तिरपा." उत्तर नाही. असं किती वेळ चाललं कोण जाणे. काठावरच्या लोकांना वाटलं, भय्याजींचं आता डोकं गेलं. एक म्हातारा तर खाली येऊन म्हणाला, "बाई, त्याले सावलीत बसव."

भय्याजी खाली बसले. तळहात पाण्यावर आधी तिरपा धरला, मग सरळ तळाकडे. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मास्तर, त्या कागदात काय लिहिलं होतं?"

"सरळ तळाकडे तोंड करून बसवावा."

"मंग जोरात वाचाचं होतं न जी."

पट्टा सैल झाला, लाडू सरळ खाली वळला, बॅटरी जोडली. तबकडीवर शून्यापासून दूर एक जाड लाल रेघ उमटली आणि डोंगा पुढे जाईल तशी हलू लागली. तळ. पाण्याखालची जमीन उतरत गेली की रेघ पुढच्या आकड्याकडे सरकायची, चढली की मागे यायची. सुकाबाईनं वल्हं सोडून खाली वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला, नमस्कारासाठी की घाम पुसायला ते मला कळलं नाही.

पण खरा धडा अजून बाकी होता. तलावाच्या मधोमध आल्यावर तळाच्या रेघेच्या वर, अधांतरी, लाल ठिपक्यांचा घोळकाच चमकू लागला. भय्याजी थरारले. "मासे. सुकाबाई, मासे. बाजार भरला आहे खाली. जाळं आणा."

नवं जाळं म्हणजे सोसायटीचं सगळं काही. सुकाबाई जागची हलली नाही. "जाळं नाही आणत. आधी लंगर टाकते," म्हणाली आणि दोरीला बांधलेला लोखंडी आकडा तिनं पाण्यात सोडला. थोडं ओढलं. दोरी ताठ झाली. डोंगा जागच्या जागी कलला. दोघांनी मिळून ओढलं तेव्हा वर आली ती शेवाळानं काळी पडलेली, मनगटाएवढ्या जाडीची आंब्याची फांदी.

त्या जागी जाळं टाकलं असतं तर ठेका तिथंच, त्या आमराईत, अडकून राहिला असता.

मला वाटलं, आता हा माणूस खचला. पण खचणं भय्याजींच्या शरीररचनेतच नव्हतं. ते फांदी हातात घेऊन उठले, तिच्याकडे जवळजवळ प्रेमानं पाहिलं. "पाह्य बाई. मासे कुठं असतात ते तुले माहीतच आहे. झाडं कुठं नाहीत तेवढं माहीत नव्हतं. ही मशीन तेच सांगून राहिली. जिथं हे असे ठिपके हलत नाहीत, दाटच राहातात, तिथून दूर. जिथून जिथपर्यंत तळ साफ दिसते, तिथं तुहं जाळं."

"हे आधी काहून नाही सांगितलं?"

"मलेच आता समजलं. समजल्याबरोबर सांगितलं, एक मिनिट थांबलो नाही."

सुकाबाई हसली. त्या तलावावर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढे दर सुट्टीला आम्ही मोहगावात. तबकडीचा लाल दिवा उन्हात दिसायचा नाही. भय्याजींनी धोतर पांघरून पाहिलं, छत्री धरून पाहिली. शेवटी त्यांनी जे केलं ते पाहून मी डोळे मिटले. दुकानातला चांगला, न वाजलेला भोंगा आणून त्याचा अरुंद गळा करवतीनं कापला आणि कापलेल्या बाजूनं तो तबकडीवर उभा बसवला. मग त्या भोंग्याच्या तोंडात स्वतःचं तोंड घालायचं. आत गार अंधार, तळाशी फिरणारा लाल दिवा. डोंग्याच्या नाकाडावर एक जाडसर माणूस भोंग्यात डोकं घालून पालथा पडलाय आणि एका हातानं डावीकडे, उजवीकडे खुणा करतोय, असं ते दृश्य. सुकाबाई खुणेबरहुकूम वल्हं मारायची आणि साफ तळाच्या दोन्ही कडांना वाळक्या भोपळ्यांची तरंगती खूण दगडाला बांधून सोडायची. झाडांच्या मधून एक लांबट मोकळी पट्टी निघाली. जाळं टाकायला पुरेल एवढी.

साहेब यायच्या दिवशी आम्ही उजाडताच तलावावर पोचलो. आणि सुकाबाई काठावर डोक्याला हात लावून बसलेली. आदल्या रात्री वारा सुटला होता. भोपळे दगडांसकट सरकून कुठल्या कुठं गेले होते. काही तर चक्क काठाला लागून होते, पोरं त्यांच्याशी खेळत होती.

जीप आली. साहेब तरुण होते, वाईट नव्हते, पण घाईत होते. म्हणाले, "बाई, आज दाखवायचं ठरलं होतं. मला पुढेही जायचं आहे."

सुकाबाईनं भय्याजींकडे पाहिलं. भय्याजी म्हणाले, "जाळं डोंग्यात घाल."

"खुणा कुठं हायेत?"

"खुणा गेल्या, मशीन आहे. मी पुढच्या डोंग्यात. तू मागच्यात, जाळ्याबरोबर. माया हाताकडे पाहाचं, दुसरं कुठं पाहाचं नाही. हात वर असला का जाळं सोडाचं. हात खाली आला का थांबाचं."

पुढचा डोंगा निघाला, वल्ह्यावर वस्तीतला एक जण. भोंग्यात डोकं घातलेले भय्याजी, त्यांचा उजवा हात बाहेर, मागे जाळ्याच्या डोंग्यात सुकाबाई. साहेब काठावरून ओरडले, "हे काय चाललंय? अहो, ते काय करतायत?" भय्याजी बोलले नाहीत. साहेब पुन्हा ओरडले. भय्याजी बोलले नाहीत. इतका वेळ न बोललेले भय्याजी मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. हात वर गेला, जाळं पाण्यात उतरू लागलं. हात डावीकडे, डोंगे डावीकडे. एकदा हात झटकन खाली आला. सुकाबाईनं जाळं थांबवलं, पुढचा डोंगा मागे सरला, बाजूनं वळला, आणि हात पुन्हा वर गेला. काठावर वस्तीतली माणसं टाचा उंचावून उभी. साहेबांनी घड्याळ पाहणं बंद केलं होतं.

जाळं ओढायला सगळी वस्ती पाण्यात उतरली. मध्ये एकदा ते जड झालं, अडलं, आणि सुकाबाईच्या हातातली दोरी ताठ झाली. कुणीतरी "गेलं" म्हणालं. तिनं दोरी सोडली नाही, दोन हात ढिली दिली, पुन्हा ओढली. जाळं आलं. कुठंही फाटलेलं नाही, आणि आत चांदीसारखे रोहू आणि कटले उड्या मारत होते, त्यात एक कटला तर एवढा मोठा की साहेब मागे सरकले. पाहता पाहता टोपल्या भरल्या आणि लुगड्यांचे ओचेही भरले.

साहेबांनी जाळं स्वतः उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाले, "यंदाचा ठेका सोसायटीकडेच राहील, मी तशी शिफारस करतो. फक्त दरवर्षी खोल पाण्यात मासेमारी झाली पाहिजे." जीपमध्ये बसताना त्यांनी भय्याजींना विचारलं, "तुम्ही खात्यात आहात का?"

"नाही जी," भय्याजी म्हणाले, "आमी लग्नातले."

ठेका राहिला. वस्ती स्वतःच्याच तलावावर राहिली. पण पाणी दर हंगामात चढतं-उतरतं, वाऱ्यानं खुणा सरकतात, म्हणून भय्याजी दर उन्हाळ्याआधी बांबू, पट्टा, लाडू आणि गळा कापलेला भोंगा घेऊन मोहगावला जायचे. लग्नाच्या सुपाऱ्या त्या आठवड्यात घ्यायचे नाहीत. कमलवहिनी म्हणायच्या, "यांची सवत उमरेडच्या पुढं राहाते, पाण्यात राहाते." पण शिदोरी त्याच बांधून द्यायच्या.

काही वर्षांनी माझी बदली अकोल्याला झाली. निघण्याच्या दिवशी दुकान बंद. वहिनी म्हणाल्या, ते तलावावर आहेत. मी उमरेडच्या पुढे जाणारी बस धरली आणि मोहगावच्या बंधाऱ्यावर उतरलो. उन्हात तलाव नुसता चमकत होता. मध्ये एक डोंगा, सुकाबाई वल्ह्यावर, आणि नाकाडावर पालथे पडलेले भय्याजी, हात बाहेर. मी बंधाऱ्यावरून हाक मारली. सुकाबाईनं ऐकलं, वाकून त्यांना सांगितलं. भोंग्यातून डोकं बाहेर आलं, लाल, घामेजलेलं.

"मास्तर, थांबा जी. एवढी एक पट्टी होऊ द्या. साहेब उद्या येऊन राहिले."

मी थांबलो. डोंगा हळूहळू पलीकडच्या काठाकडे सरकत गेला. त्यांचा हात वर जायचा, खाली यायचा, आणि सुकाबाईचे भोपळे एकामागून एक पाण्यावर तरंगू लागायचे. नागपूरची शेवटची बस येऊन बंधाऱ्यावर थांबली. मी पुन्हा हाक मारली, पण एवढ्यात डोकं परत भोंग्यात गेलं होतं. कंडक्टरनं घंटी वाजवली, तसा मी चढलो. खिडकीतून पाहिलं तेव्हा डोंग्यावरचा तो हात वरच होता, म्हणजे तिथं तळ साफ होता.